चिठ्ठी नको, गोळ्यांची पिशवीच न्या

तुम्ही लिहिलंय, वय 69, बीपी आणि शुगर दोन्ही, पुढच्या आठवड्यात नव्या डॉक्टरांकडे पहिल्यांदाच जायचंय आणि "आत गेलं की काही आठवतच नाही". मला 72 पूर्ण झाली. माझंही तसंच व्हायचं. बाहेर बाकावर दीड तास बसून मनात जुळवलेलं सगळं, "काय काकू, कसं काय?" विचारलं की भुर्रकन उडायचं आणि तोंडातून निघायचं, "बरं आहे".

घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट एका पिशवीत भरा. काढा, चूर्ण, डोळ्यांचे थेंब, झोपेची गोळी, मेडिकलवाल्याने गुडघ्यासाठी दिलेली, सगळं. गुडघ्याची तर आवर्जून. आपण तिला औषध धरतच नाही, पण दुखणं थांबवणाऱ्या बऱ्याच गोळ्या बीपी वाढवतात आणि किडनीवर ताण देतात.

गेल्या वर्षी आमच्या ह्यांची पावलं सुजायला लागली, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. मीठ कमी केलं, उशीवर पाय ठेवून झोपवलं, काही फरक नाही. शेवटी नव्या डॉक्टरांनी पिशवी टेबलावर रिकामी केली आणि दोन पाकिटं शेजारी शेजारी ठेवली. नावं वेगळी, रंग वेगळे. पण एकात नुसतं ॲम्लोडिपिन, म्हणजे बीपीचं औषध, आणि दुसऱ्यात टेल्मिसार्टन या बीपीच्याच दुसऱ्या औषधासोबत पुन्हा ॲम्लोडिपिन. एक नेहमीच्या डॉक्टरांचं, दुसरं दवाखान्यातून घरी सोडताना दिलेलं. पहिलं बंद करायचं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नाही. आमचे हे तब्बल चार महिने दोन्ही गिळत होते! ॲम्लोडिपिनने पावलांना सूज येऊ शकते, जास्त झालं तर आणखीच. चिठ्ठीवर नुसती ब्रँडची नावं नेली असती तर तेव्हाही कुणाच्या लक्षात आलं नसतं. (पाकिटं बघून तुम्हाला शंका आली तरी आपल्या मनाने काही बंद करू नका, डॉक्टरांनाच दाखवा.)

तक्रार मात्र कागदावर लिहून न्या. तीन-चार ओळी पुरे, आणि सगळ्यात जास्त छळणारी पहिली. आपण उगाच सर्दीपासून सुरुवात करतो आणि लघवीचं उठता उठता, दाराशी सांगतो. "चक्कर येते" एवढंच लिहू नका. आपल्याकडे घर गरगर फिरलं तरी चक्कर, उठल्यावर अंधारी आली तरी चक्कर, आणि चालताना तोल गेला तरी चक्करच. डॉक्टरांसाठी ही तीन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात बऱ्याचदा कानात बिघाड निघतो, दुसऱ्यात बीपी उतरलेलं असतं, तिसऱ्यात पायांच्या नसा तपासतात. कधी येते, किती वेळ टिकते, पडलात का, तेही लिहा. पडल्याचं लपवू नका. मी दोनदा लपवलं, सून घाबरेल म्हणून.

सोबत कुणीतरी न्याच, पण बोलायचं तुम्ही आणि लिहून घ्यायचं त्यांनी. माझ्या मुलाला हे पटवायला दोन खेपा लागल्या. तो माझ्या आधीच उत्तरं द्यायचा.

बाकी चष्मा, कानाचं मशीन, सैल बाहीचा ब्लाउज किंवा शर्ट. जुने रिपोर्ट तारखेनुसार लावा. ईसीजीची झेरॉक्स काढून ठेवा, तो कागद काही वर्षांत फिका पडतो. बीपी मोजायच्या आधी अर्धा तास चहा घेऊ नका आणि लघवीला जाऊन या, नाहीतर आकडा उगाच वर जातो.

उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर साधं पाणी चालतं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन त्या सकाळी घ्यायचं का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. आणि पोळीभाजीचा डबा जवळ ठेवा, नंबर लागेपर्यंत बारा वाजतात.