रिठ्याच्या पाण्याने मुंबई हायमधून जादा तेल निघेल का?

रिठा-शिकेकाईतलं सॅपोनिन (फेस आणणारा घटक) वापरून मुंबई हायसारख्या समुद्रातल्या जुन्या तेलक्षेत्रातून जादा तेल काढता येईल का, असं तुम्ही शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विचारलंय. प्रयोगशाळेत थोडं निघतं. समुद्रात उतरवायचं तर एकटा रिठा पुरणार नाही, असं माझं मत.

मुंबई हाय १९७४ मध्ये सापडलं, १९७६ पासून तेल येतंय. खडक चुनखडीचा. समुद्राचंच पाणी खाली सोडून तेल विहिरींकडे रेटतात, तरी बरंचसं बारीक छिद्रांत थेंब होऊन अडकतं. तेल-पाण्याच्या सीमेवरचा ताण साधारण २०-३० मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. थेंब सुटायला तो हजारपटींनी खाली यावा लागतो. रिठा तेवढी मजल मारत नाही. बाटली हलवून आलेल्या फेसाला भुलू नका, तो हवा-पाण्याचा मामला आहे.

रिठ्याची खरी गंमत खडकाच्या बाबतीत आहे. चुनखडीला बहुधा तेलच धरून बसलेलं असतं. सॅपोनिनने ती पकड सैल झाली की पाणी आपणहून छिद्रांत शिरतं आणि तेल बाहेर येतं. शिवाय बोअरच्या पाण्यात साबण फुटतो तसं सॅपोनिन खाऱ्या पाण्यात सहसा फुटत नाही.

प्रयोग करताना काष्ठौषधीच्या दुकानातून रिठा आणा, बी काढून फक्त साल भिजवा. फिल्टर पेपरने गाळा, नाहीतर चोथा छिद्रं बुजवतो आणि नुसता दाब वाढतो. नुसतं नळाचं पाणी नको, समुद्रासारखं लिटरला ३५ ग्रॅम मीठ घाला. नळीत वाळूऐवजी चुनखडीचा चुरा भरा (वाळूवरचे आकडे दिसतात छान, पण मुंबई हायला लागू पडत नाहीत) आणि तेलात मुरवून काही दिवस गरम ठेवा. मग आधी नुसतं खारं पाणी सोडा, तेल यायचं थांबेपर्यंत; त्यानंतर रिठा. त्यापुढे येईल तेवढंच जादा तेल.

बाहेर येणाऱ्या पाण्यात सॅपोनिन किती उरलं तेही मोजा. बरंचसं दगडालाच चिकटलं असेल, तर खर्चाचं गणित तिथेच कोसळतं. आणि जमिनीखालची उष्णता विसरू नका: सॅपोनिनला जोडलेली साखर तापल्यावर तुटते. द्रावण बंद बाटलीत आठवडाभर ९० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवून ताण पुन्हा मोजा. व्हायवात पहिला प्रश्न बहुधा यावरच येईल.