जपानमध्ये शेजारी एकमेकांशी खरंच बोलत नाहीत का?

तुम्ही विचारलंय की बायको आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन टोकियोला जायचंय, पण ‘तिकडे शेजारी बोलत नाहीत, माणूस मेला तरी कुणाला पत्ता लागत नाही’ असं ऐकलंय, तर तिथे शेजाऱ्यांशी कसं वागावं. तुम्हाला हे कुणी ऐकवलं माहीत नाही, पण वाक्य जसंच्या तसं आमच्या धाकट्या भाऊजींचं आहे. एक टूर केली त्यांनी. फुजी, बुलेट ट्रेन, नाराची हरणं आणि रोज रात्री टूरवाल्यांचा पुलाव. तेव्हापासून घरात जपानचा विषय निघाला की भाऊजी बोलणार आणि इथे संसार करणारी मी ऐकणार. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

बोलत नाहीत हे बऱ्यापैकी खरं. लक्ष नसतं हे साफ खोटं. मी डोंबिवलीच्या चाळीत वाढले. कुणाकडे मुलगी बघायला पाहुणे आले हे त्यांचा चहा उकळायच्या आत पाच बिऱ्हाडांना कळायचं. तरीही सांगते, आमच्या इथल्या म्हाताऱ्यांपुढे ती चाळ अगदीच भोळी होती.

आम्ही एदोगावा वॉर्डात कसाईला राहतो (नावावर जाऊ नका, सासूबाईंना ते अजून पचलेलं नाही). निशी-कसाई तुम्हाला माहीत असेल, भारतीयांची वस्ती म्हणून. तोझाई लाईनवर त्याच्या पुढचं स्टेशन. आठ घरांची जुनी इमारत, त्यात भारतीय आम्हीच.

कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या जागेवर राज्य कावळेबाईंचं. खरं नाव वेगळं, पण आमच्या घरात त्या कावळेबाईच. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, सकाळी आठच्या आत, आणि त्यावर जाळी, कारण टोकियोचे कावळे म्हणजे डोमकावळे, पिशवी फाडून माशाचे काटे रस्ताभर करतात. जाळीची कड नीट दाबायचं काम यादीप्रमाणे दर आठवड्याला एका घराकडे असतं. ज्याची पाळी असेल तो दाबून गेला की कावळेबाई येऊन पुन्हा दाबतात. बाटलीचं झाकण वेगळं, लेबल सोललेलं, बाटली विसळलेली, हे तुम्हाला यूट्यूबवर कुणीही सांगेल. कुणी सांगत नाही ते हे, की कोणती पिशवी कुणाची ते त्या गाठीवरून ओळखतात. एकदा चुकीच्या दिवशी टाकलेली डब्यांची पिशवी स्टिकर लागून तिथेच राहिली. इमारतीत परदेशी आम्हीच, त्यामुळे जाणारा-येणारा आधी आमच्या खिडकीकडे बघायचा. कावळेबाईंनी गाठ बघितली, पिशवी उचलली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या पोराच्या दाराला नेऊन अडकवली. तोंडातून शब्द नाही. माझ्याकडे बघून मान तेवढी लववली. त्या दिवसापासून मी त्यांच्या पक्षात.

दुसरे सायकलकाका. कसाई स्टेशनला जमिनीखाली सायकलींचं पार्किंग आहे, पूर्व-पश्चिम मिळून 9,400 सायकलींची सोय, त्यातलं बरंचसं यांत्रिक. सायकल खोबणीत लावली की यंत्र ती आत ओढतं, कार्ड दाखवलं की काही सेकंदांत बाहेर काढून देतं. माणसाची गरजच नाही, म्हणून तिथे एक माणूस ठेवलाय. निवृत्त झालेले काका, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. सायकल आत गेली की किंचित वाकून तिला निरोप देतात. सायकलला, मला नाही. मी त्यांच्या लेखी तिला आणून सोडणारी बाई.

आणि खालचे आजोबा. यांच्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण भाऊजींशी माझं भांडण खरं यांच्यावरूनच आहे.

नवऱ्याला डबा लागतो, म्हणून माझा कुकर सकाळी साडेसहाला चढायचा. भारतातून आणलेला, शिट्टीचा. प्रेशर कुकर इथेही मिळतात, पण ते बोंबलत नाहीत. एक दिवस जिन्याखाली, टपालपेट्यांशेजारच्या फळ्यावर छापील कागद लागला. ‘सकाळच्या वेळी जोरात वाफ सुटल्यासारखा आवाज येत असल्याचं काही रहिवाशांनी कळवलं आहे. सर्व रहिवाशांनी एकमेकांच्या सोयीचा विचार करावा, ही नम्र विनंती.’ खाली कमरेत वाकलेल्या माणसाचं चित्र. शिवाय आठही पेट्यांत एकेक प्रत. आठ घरांत शिट्टीचा कुकर एकच, हे आठही घरांना ठाऊक. पण अपमान एकटीचा करायचा नाही, बाकीच्या सातांना सोबतीला बसवायचं, अशी पद्धत.

नवरा म्हणाला, कुकर बंद, मायक्रोवेव्हमध्ये शिजव. मी म्हटलं, मायक्रोवेव्हमध्ये तूरडाळ तू शिजवून दाखव. तो आठवडा वरणाशिवाय गेला.

मग जाळीची घडी घालता घालता कावळेबाई हसून म्हणाल्या, “तुमच्याकडे सकाळी काय उत्साह असतो हो! व्यायामाचा पियानोसुद्धा ऐकू येत नाही.” हे कौतुक नव्हे, हे कळायला जपानी भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही. माझी आत्या याच सुरात ‘भाजी छानच झालीय, मिठाची हौस दिसतेय’ म्हणायची.

पियानो म्हणजे रेडिओ ताइसो. 1928 साली सुरू झालेली रेडिओवरची कवायत. एनएचकेवर, म्हणजे इथल्या आकाशवाणीवर, सकाळी साडेसहाला लागते, पियानोच्या ठेक्यावर, दहा मिनिटं. खालचे आजोबा रोज पार्किंगच्या कोपऱ्यात ट्रान्झिस्टर ठेवून ती करतात आणि गल्लीतल्या दोघीतिघी म्हाताऱ्या त्यांच्या मागे उभ्या राहतात. त्यात पुढे वाकायची वेळ आली की नेमकी माझी दुसरी शिट्टी.

म्हणजे आजोबांना शांतता नकोच होती. साडेसहा ते सहा चाळीस, एवढंच हवं होतं. तोंडावर सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. त्याऐवजी घरमालकाच्या एजन्सीला फोन, छापील कागद, आठ प्रती आणि वाकलेला माणूस! माझं डोकं फिरलं होतं, खोटं कशाला बोलू.

पण त्याआधी इमारतीत एका घराचं बाथरूम फोडलं होतं, तेव्हाची गंमत आठवली. काम सुरू होण्याआधी कंत्राटदाराचा माणूस दारोदार फिरून तारखा-वेळांचा कागद आणि एकेक टॉवेल देऊन गेला होता. पुढे ड्रिलने दिवस दिवस कान किटवले, पण कुणी हूं की चूं केलं नाही. यांना आवाजाचा राग नसतो, न कळवता केलेल्या आवाजाचा असतो. इथल्या शेजाराबद्दल मला जे काही कळलंय ते एवढंच आहे.

मग मी वेळापत्रकच लिहिलं. सोमवार ते शुक्रवार, 6:45, शिट्ट्या तीन. शनिवार, राजमा किंवा छोले, शिट्ट्या सहा, क्षमस्व. रविवार पोहे, शिट्टी नाही. मुलाकडून जपानी तपासून घेतलं, सोबत सेनबेईचा, म्हणजे तांदळाच्या खाऱ्या बिस्किटांचा, डबा घेतला आणि खाली गेले. आजोबांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, चष्मा लावून दारातच उभ्याने वाचला आणि विचारलं, “सुट्टीच्या दिवशी?” म्हणजे मधल्या वारी सरकारी सुट्टी आली तर काय. मी म्हटलं, रविवारसारखं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि तसं खाली लिहून घेतलं.

तो कागद त्यांच्या फ्रिजवर आहे, दार उघडं असलं की जिन्यातून दिसतो. तक्रार त्यानंतर कधी आली नाही, पण हिशेब सुरू झाला. एकदा डाळ जुनी निघाली, शिजेना, म्हणून चौथी शिट्टी घेतली. खाली उतरले तर आजोबा म्हणाले, “आज चार.” बस, एवढंच. भारतात जायच्या आधी सांगायला गेले, तर त्यांनी पट्टी आणून कागदावर तेवढ्या तारखा लिहिल्या आणि त्यांवर तिरकी रेघ मारली.

आता हे कोरडेपण म्हणायचं की काय, ते तुम्ही ठरवा. त्याआधी 2019 चं ऐका.

आमचा वॉर्ड नद्यांच्या मुखाशी, साधारण सत्तर टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली. त्या वर्षी मे महिन्यात वॉर्डाने पुराचा नकाशा घरोघरी वाटला आणि मुखपृष्ठावर आमच्याच वॉर्डावर लिहिलं, ‘इथे थांबू नका’. कर भरून घेणाऱ्या ऑफिसने तुम्हाला असं सांगणं, याला हिंमत लागते. ऑक्टोबरात हागिबिस वादळ आलं. 12 तारखेच्या सकाळी खांबांवरचे भोंगे काहीतरी सांगत होते. हे तेच भोंगे, जे एरवी संध्याकाळी मुलांना घरी पाठवायला गाणं वाजवतात. वाऱ्यात एक अक्षर कळेना. तेवढ्यात दारावर आजोबा, पहिल्यांदाच वर आलेले, डोक्यावर हेल्मेट, हातात तो नकाशा. “शाळेत जायचं. आत्ता.” मग माझ्या गॅसकडे नजर टाकून म्हणाले, “आज शनिवार, सहा असतात. पण वेळ नाही. तीनच करा.”

मी वरण-भाताचा कुकर लावला आणि आजोबा हेल्मेट घालून जिन्यात उभे राहिले. तिसरी झाल्यावर खालून आवाज आला, “झाल्या.”

शाळा म्हणजे वादळातली आसऱ्याची जागा. तिथे वरच्या मजल्यावरच्या वर्गात कावळेबाई आधीच पोचलेल्या. फळ्याखाली तीन पिशव्या लावून वर खडूने लिहिलेलं: जळणारा, प्लास्टिक, बाटल्या. बाहेर वारा खिडक्या हलवतोय, संध्याकाळी वर भूकंपाचाही एक धक्का बसला, आणि आत एक गृहस्थ ओनिगिरीचं (भाताच्या मुटक्याचं) वेष्टन चुकीच्या पिशवीत टाकताना पकडले गेले, ते ते उचलून पुन्हा रांगेत. सायकलकाका सगळ्यांचे बूट ओळीने, टोकं बाहेर करून लावत होते. आजोबांनी वरण-भात चाखला आणि डोळे पुसत ‘तिखट’ म्हणाले. वरणात मिरची नव्हती. नदीने बांध ओलांडला नाही, सकाळी सगळे घरी.

त्या रात्री टीव्ही बघून भाऊजींचा फोन. “वहिनी, तिकडे विचारणारं कुणी आहे का तुम्हाला?” मी फोन फिरवून सगळा वर्ग दाखवला. तर म्हणतात, “ही सरकारी व्यवस्था झाली. माणुसकी वेगळी.” आजोबा सरकारी? त्यांच्याकडे गल्लीच्या मंडळाची, चोनाइकाईची, यादी होती हे खरं. पण जिन्यात कुकरसाठी उभं राहायचं, हे कुठल्या यादीत होतं?

मध्यंतरी भाऊजींनी बातमी पाठवली: जपानी पोलिसांच्या आकड्यांप्रमाणे 2024 मध्ये एकटी राहणारी 76,020 माणसं घरात मृत सापडली, त्यांतली तीन चतुर्थांशांहून जास्त 65 च्या पुढची. खाली हसरा चेहरा. आकडा खरा आहे आणि वाईट आहे, मी नाकारत नाही. त्यात त्याच दिवशी कळलेलेही येतात, पण महिन्याने कळलेलेही येतात. एवढंच म्हणते की भाऊजी, तुमच्या मजल्यावर समोरचे भाडेकरू बदलले हे तुम्हाला गणपतीची वर्गणी मागायला गेल्यावर कळलं होतं. तुम्ही ‘आपल्याकडे अजून दारं उघडी असतात’ म्हणता, तेव्हा तुमच्या दाराला दोन कुलपं आणि एक कॅमेरा असतो.

असो. तुमच्या प्रश्नाकडे येते. राहायला गेल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत डावं-उजवं आणि वर-खालचं घर, एवढ्या ठिकाणी पाचशे-हजार येनच्या आत काहीतरी बांधून न्या, टॉवेल किंवा बिस्किटं. मिठाई-चिवडा घरचा नको, लोक संकोचतात. नाव सांगा, मूल लहान आहे, आवाज होईल, असं आधीच सांगून टाका आणि दोन मिनिटांत निघा. आत बोलावणार नाहीत, त्याचा राग धरू नका. गल्लीच्या सूचनांची, घरोघरी फिरणारी फाईल दाराला अडकवलेली दिसली तर कळलं नाही तरी आपल्या नावाचा शिक्का मारून पुढच्या घरी पोचवा, घरात ठेवू नका. चौकीचा पोलीस कार्ड भरून घ्यायला आला तर घाबरू नका, घरात कोण राहतं आणि आपत्तीत कुणाला फोन करायचा एवढंच विचारतो. मुलीची काळजी नको. पिवळी टोपी घालून पोरं आपली आपण शाळेत जातात आणि वाटेत झेंडा घेतलेल्या आज्या उभ्या असतात. तुम्हाला जास्त काळजी करावी लागेल ती बायकोची, कारण पहिलं वर्ष कुणी तिच्याशी हवामानापलीकडे बोलणार नाही. तिला भाषेच्या वर्गाला घाला, वॉर्डात स्वयंसेवक चालवतात, आणि सणावाराला निशी-कसाई आहेच.

हे सगळं आमच्यासारख्या जुन्या गल्लीचं. चकचकीत टॉवरमध्ये घर घेणार असाल तर भाऊजींचं खरं ठरण्याची शक्यता आहे. तिथे हल्ली लोक दारावर नावही लावत नाहीत, आणि एकट्या राहणाऱ्या मुली अनोळखी माणसाला दार उघडत नाहीत, त्यांच्याकडे टॉवेल घेऊन जाऊ नका. आणि मिक्सर रात्री नऊनंतर लावू नका. त्याचं वेळापत्रक कुणीही मान्य करत नाही, मी विचारून बघितलंय.