वाचकांचे प्रश्न : गर्दीतला एकही हात पुढे का येत नाही?

प्रश्न : गेल्या महिन्यात संध्याकाळी महामार्गावरच्या थांब्यासमोर एक दुचाकीस्वार घसरून पडला. पाहता पाहता पंचवीस-तीस माणसे गोळा झाली, पण बराच वेळ त्याला कोणी हात लावला नाही. अखेर मागून आलेल्या एका टेम्पोचालकाने गाडी थांबवली आणि त्याला दवाखान्यात नेले. मी चाळीस वर्षे मुलांना परोपकाराचे धडे दिले आणि त्या दिवशी मात्र बघ्यांत उभा राहिलो. माणुसकी आटली म्हणावे, की उणीव माझ्यातच आहे? (एक निवृत्त शिक्षक, जिल्हा सातारा)

उत्तर : आपण सुचवलेल्या दोन कारणांपैकी एकही मला पुरेसे वाटत नाही. या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो न्यूयॉर्कमधील एका खुनानंतर. १३ मार्च १९६४ च्या पहाटे किटी जेनोव्हीज या तरुणीवर तिच्या घराजवळ हल्ला झाला आणि अडतीस शेजारी तो पाहत स्वस्थ बसले, असे वृत्त तेथील वृत्तपत्राने दिले. हा आकडा फुगवलेला होता, बहुतेकांनी फक्त काही आवाज ऐकले होते आणि एक शेजारीण तर खाली धावत गेली होती, हे पुढे स्पष्ट झाले. परंतु त्या बातमीने अस्वस्थ झालेल्या बिब लॅटाने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये जे प्रयोग केले, ते आपल्या प्रश्नाला नेमके लागू पडतात.

एका प्रयोगात विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रणेवरून एकमेकांशी बोलायला सांगितले होते. बोलता बोलता त्यांतल्या एकाला झटका आल्याचा आवाज येई. तो अर्थातच आधी ध्वनिमुद्रित केलेला होता. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी ८५ टक्के जण झटका ओसरण्यापूर्वीच मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असा समज असलेल्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते. न उठलेले विद्यार्थी निर्विकार मात्र नव्हते; त्यांचे हात थरथरत होते, तळवे घामेजले होते. जबाबदारी पाच जणांत वाटली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला ती थोडीथोडीच येते, हे त्यामागचे एक कारण. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे आणि आपल्या थांब्यावर तेच घडले असावे, असे मला वाटते. प्रसंग किती गंभीर आहे हे कळावे म्हणून प्रत्येक जण इतरांच्या चेहऱ्याकडे पाहतो, इतर शांत दिसतात, म्हणून तोही शांत राहतो. आणि त्याची ती शांतता पाहून पुढचा माणूस थबकतो. आपण तिसांकडे पाहत होता, तेव्हा ते तीस जण आपल्याकडेही पाहत होते.

आता आपल्या धड्यांविषयी. प्रिन्स्टन येथे धर्मोपदेशक होण्याचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांवरील एक प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटे भाषण करायचे होते, आणि त्यांपैकी निम्म्यांचा विषय होता वाटेत पडलेल्या जखमी परक्याला उचलणाऱ्या परोपकारी माणसाची बायबलमधील कथा. वाटेत त्यांनाही एक माणूस कण्हत बसलेला भेटे. भाषणाच्या विषयाने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. फरक पडला तो घाईने. सवड असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, फार उशीर झाला आहे असे सांगितलेल्यांपैकी १० टक्के. तेव्हा आपले धडे वाया गेले असे मी म्हणणार नाही. मात्र अशा क्षणी ते एकटे पुरत नाहीत.

गर्दी नेहमीच निष्क्रिय असते, असाही निष्कर्ष कोणी काढू नये. अॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन या शहरांतील रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचे कॅमेऱ्यांतील चित्रण संशोधकांनी तपासले, तेव्हा दर दहांपैकी नऊ प्रसंगांत निदान एका तरी बघ्याने हस्तक्षेप केल्याचे आढळले. एक जण हलला की इतरांचेही पाय सुटतात. म्हणून पुन्हा अशी वेळ आली, तर “कोणीतरी फोन करा हो” असे मोघम ओरडू नका, “निळ्या शर्टवाले दादा, तुम्ही १०८ ला फोन लावा, ताई, तुम्ही मागची वाहने थांबवा” असे बोट दाखवून सांगा. जबाबदारीला चेहरा मिळाला की ती टाळणे अवघड जाते.

प्रश्न : अपघातग्रस्ताला दवाखान्यात पोहोचवले तर पोलीस चौकशीचा ससेमिरा मागे लागतो, हे खरे आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ही भीती निराधार नव्हती आणि आपल्याकडे ती मनातल्या संकोचाइतकीच प्रभावी ठरली आहे. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०१३ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत ७४ टक्के लोकांनी अशा प्रसंगी मदत करण्याची शक्यता कमी असल्याचे सांगितले होते आणि त्यांतल्या ८८ टक्क्यांनी कारण दिले ते पोलीस व कायदेशीर कटकटींचे. याच संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांच्या संरक्षणासाठीची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्हेतूने मदत करताना हातून चूक होऊन जखमीला इजा झाली किंवा तो दगावला, तरी मदतकर्त्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. २०२० च्या नियमांनुसार नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. साक्षीदार होणे त्याच्या इच्छेवर आहे. या हक्कांची सनद प्रत्येक रुग्णालयाने प्रवेशद्वाराशी स्थानिक भाषेतही लावणे आवश्यक आहे. सरकार मदतकर्त्याला बक्षीसही देते, परंतु पैशाच्या आशेने थांबणारे थोडे आणि भीतीने निघून जाणारे पुष्कळ, असे माझे मत आहे.

प्रश्न : शहरातली माणसे खेड्यातल्यांपेक्षा खरोखरच कठोर असतात का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हिन यांनी तेथील ३६ शहरांची तुलना केली, तेव्हा लोकवस्ती जितकी दाट तितकी अनोळखी माणसाला मदत कमी, असे सर्वसाधारणपणे दिसले. मात्र त्यांनी पुढे जगातील २३ मोठ्या शहरांत पेन पडल्याचा बहाणा करणे, अंध व्यक्तीने रस्त्याच्या कडेला थांबणे अशा चाचण्या घेतल्या, तेव्हा प्रचंड गर्दीचे कोलकाता वरच्या क्रमांकांत आले आणि न्यूयॉर्क तळाशी गेले. नुसत्या गर्दीने उत्तर मिळत नाही.

खेड्यात मदत लवकर मिळते, कारण पडलेला माणूस बहुधा कोणाचा तरी कोणी असतो. तो परगावचा असेल, किंवा आपल्या आळीत ज्याला बसवून घेतले जात नाही अशा वस्तीतला असेल, तेव्हाही हात तितक्याच तत्परतेने पुढे येतात का, हे प्रत्येक गावाने स्वतःला विचारावे. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांवरील एका प्रयोगात घसरून पडलेल्या धावपटूच्या अंगात त्यांच्याच संघाचा शर्ट असला, तर मदत सहज मिळे; प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचा असला, तर क्वचित. परंतु प्रयोगाआधी त्यांना ‘फुटबॉलप्रेमी’ म्हणून स्वतःकडे पाहायला लावले, तेव्हा लिव्हरपूलच्या शर्टालाही मदत मिळू लागली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि एरवी शेजाऱ्याचे नाव न विचारणाऱ्या मुंबईकरांनी रस्त्यांत अडकलेल्या अनोळखी लोकांना चहा-बिस्किटे दिली, त्यांच्यासाठी घरांची दारे उघडली. त्या रात्री सगळ्यांच्याच अंगावर एकच शर्ट होता, आणि तो भिजलेला होता.