चूक कबूल केली तर वचक राहील का?

नवी बढती मिळालेली माणसं समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा शब्द वेगळे असले तरी प्रश्न एकच असतो. "माझं चुकलं हे टीमपुढे मान्य केलं, तर उद्या माझं कोण ऐकेल?" बँकेतल्या शाखाधिकाऱ्यांनी विचारलाय, मुख्याध्यापिकांनी विचारलाय, वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरनी विचारलाय. मला दर वेळी चाकणकडचे एक शिफ्ट इन्चार्ज आठवतात. (त्यांच्या संमतीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) टीम त्यांना 'साहेब' म्हणायची, आपणही तेच म्हणू.

साहेब आले होते झोप लागत नाही म्हणून. खरं दुखणं तिसऱ्या भेटीत बाहेर आलं. डिस्पॅचची घाई होती, प्रेसवर नवी डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) चढवली होती आणि पहिला पीस क्वालिटीकडून पास होऊन यायच्या आधीच त्यांनी "कर चालू" म्हणून सांगितलं. भोकाची जागा सरकलेली निघाली, अख्खा लॉट भंगारात गेला. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सगळ्यांची बोटं ऑपरेटरकडे वळली आणि साहेब गप्प बसले.

तेव्हापासून ते प्रत्येक सेटिंग स्वतः तपासत होते, बारीकसारीक गोष्टींवरून ओरडत होते. "माझ्या शिफ्टला रिजेक्शन यायलाच नको मॅडम. लोकांनी ऐकलंच पाहिजे."

'झालंच पाहिजे' या हट्टात त्रासाचं मूळ शोधणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस, मी त्यांच्या वाटेनं जाणारी, त्यामुळे माझे कान लगेच त्या 'च'वर जातात. चूक होऊ नये ही इच्छा झाली. होताच कामा नये म्हटलं, की झालेल्या चुकीकडे बघायचीही सोय उरत नाही. पण इंजिनिअर माणसाला व्याकरण शिकवून काय होणार?

"त्या लॉटचं व्हाय-व्हाय केलं होतं का?" मी विचारलं. बिघाडाचं मूळ सापडेपर्यंत पाचदा 'का?' विचारायची ही रीत टोयोटातून आली आणि आपल्याकडच्या कारखान्यांत रुळली.

"केलं ना. मूळ कारण, ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय, समज दिली."

"किती 'का' झाले?"

"दोन."

"मग उरलेले तीन इथे करू."

लॉट का चालू झाला? मी सांगितलं म्हणून. का सांगितलं? गाडी गेटवर उभी होती, उशीर झाला असता तर प्लँट हेडना फोन करावा लागला असता. मग का नाही केला? "नवीनच इन्चार्ज झालो होतो. पहिल्याच महिन्यात जमत नाही म्हणायचं?"

ते खिडकीबाहेर बघत बसले. अशा वेळी तोंड बंद ठेवणं हे आमच्या कामातलं सगळ्यांत अवघड काम. मला ते आता बऱ्यापैकी जमतं. थोड्या वेळानं विचारलं, "मशीन बिघडायला लागलं की आधी कोणाला कळतं?"

"ऑपरेटरला. आवाज बदलतो ना."

"मग तो सांगतो तुम्हाला?"

"सांगायचा."

तो भूतकाळ त्यांचा त्यांनाच ऐकू आला. मग हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशीही म्हणाला होता. साहेब, पीस येऊ द्या की."

तोवर मी मधल्या तीन भेटी त्यांची अपराधी भावना हलकी करण्यात घालवल्या होत्या. माझंच निदान चुकलं होतं. लॉट जाऊन सहा महिने झाले होते, पण त्यांना मशीनची खबर देणारा माणूस रोज समोर गप्प उभा होता.

एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेनं नव्वदच्या दशकात रुग्णालयांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुका अभ्यासल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील असा तिचा अंदाज होता. नोंदी मात्र तिथेच जास्त सापडल्या, कारण तिथली माणसं चुका बोलून दाखवत होती. तेव्हापासून 'आमच्याकडे चुका होतच नाहीत' म्हणणाऱ्या साहेबांपुढे मी जरा सावधच असते.

कबुली कशी द्यायची, यावर आम्ही बराच वेळ घालवला. दोष चारचौघांत दिला असेल, तर तो चारचौघांतच मागे घ्यायचा. काय केलं तेवढंच सांगायचं, मला किती वाईट वाटतंय याची कहाणी नको, नाहीतर समोरच्यालाच आपली समजूत काढत बसावी लागते. वाक्यात 'पण' आणायचा नाही. माफीची अपेक्षा करायची नाही. आणि वरिष्ठांना आधी सांगायचं, तेही पुढे काय बदलणार हे ठरवून. कबुलीचा वापर तुमच्याविरुद्ध करणारे साहेबही असतात, हे मी लपवत नाही.

शिफ्ट सुरू होताना मशीनपाशी ते बोलले. "त्या दिवशी लॉट मी चालू करायला लावला. हा थांबा म्हणत होता. मीटिंगमध्ये मी गप्प बसलो." ऑपरेटर "बरं" म्हणाला आणि कामाला लागला. साहेब हिरमुसले. पुढची भेट त्यावरच गेली.

काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "मॅडम, आज त्यानं लाइन थांबवली. कडेला बर, म्हणजे खरखरीत धार, येतोय म्हणाला. भोक पाडणारा पंच उतरवून बघितला, काहीच नव्हतं."

"मग?"

"मग परत चढवला. चाळीस मिनिटं गेली, गाडी उशिरा सुटली." जरा थांबून म्हणाले, "प्लँट हेडना फोन मीच केला."