नागपूरच्या मानेवाड्यात ३० बाय ५० फुटांचा प्लॉट आहे. घर बांधताना किती जागा सोडावी लागेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्लॉट आईच्या नावावर, समोर ९ मीटरचा रस्ता, शेजारच्या दोघांनीही कंपाउंडला भिंत टेकवून घरं बांधलेली. मग आपणच का जागा सोडायची, आणि खाली दुकान काढता येईल का?

मी आर्किटेक्ट नाही. तुमच्याच मापाच्या प्लॉटवर घर बांधलं आणि त्या पायी बऱ्याच कार्यालयांचे जिने चढलो, एवढंच.

शेजाऱ्यांचं सोडा. त्यांचं घर जुन्या नियमांतलं असेल, नाही तर बिनपरवानगीचं असेल. उद्या बेकायदा बांधकाम पाडायची, नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस आली तर 'बाजूवाल्यानंही तसंच केलं' हे उत्तर कोणी ऐकत नाही.

आधी कागद. मानेवाड्याकडचे पुष्कळ ले-आउट गुंठेवारीतले, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेले आहेत, तेव्हा एनआयटीचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, झालंय का ते बघा. ते नसेल तर नकाशाचं बोलणंच पुढे सरकत नाही. मग नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा (विकास आराखड्यातला तुमच्या भागाचा तुकडा) काढा. दाखल्यावर 'निवासी' लिहिलंय म्हणून खूश होऊन घरी येऊ नका, भाग नकाशा नीट पाहा. तुमचा रस्ता विकास आराखड्यात रुंद होणार असेल तर ती पट्टी आधी प्लॉटमधून वजा होते आणि समोरचं मार्जिन, म्हणजे सोडायची मोकळी जागा, उरलेल्या हद्दीपासून मोजतात. खेळाचं मैदान, शाळा असलं आरक्षण पडलंय का, तेही तिथेच कळतं.

किती सोडायचं हे डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीवरून ठरतं. तिच्यात मार्जिनला 'सामासिक अंतर' म्हणतात. रस्त्याची रुंदी, प्लॉटचं माप, इमारतीची उंची आणि घर सुटं आहे की एका बाजूने जोडलेलं, यावर आकडा बदलतो. तुमचा नेमका आकडा आर्किटेक्टकडून तक्त्यात बोट ठेवून घ्या. अंदाज यावा म्हणून समोर ३ मीटर आणि बाकी तिन्हीकडे दीड-दीड मीटर धरून पाहा. ९.१४ बाय १५.२४ मीटरच्या प्लॉटवर ६.१४ बाय १०.७४ उरतात, म्हणजे जेमतेम ७१० चौरस फूट. मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) १.१ धरला तर बांधकाम मात्र साधारण १६५० चौरस फूट बसतं. लोक इथेच गोंधळतात. एफएसआय एकूण किती बांधायचं ते सांगतो, मार्जिन कुठे बांधायचं ते. म्हणून घर आडवं पसरत नाही, वर जातं.

आणखी एक आवई आमच्या कॉलनीतही उठली होती, की छोट्या प्लॉटला आता परवानगीच लागत नाही. तुमचे १५०० चौरस फूट म्हणजे १३९ चौरस मीटर. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला प्रक्रिया सोपी केली आहे, सहीशिक्क्याचा नकाशा आणि कागद देऊन शुल्क भरलं की पावतीलाच परवानगी धरतात. पण मार्जिनचा एक इंचही त्यात माफ नाही. उलट नकाशा चुकला तर तो आधी पाहून अडवणारं कोणी नसतं.

आता माझी फजिती. लाइनआउटच्या (जमिनीवर पायाची आखणी करायच्या) दिवशी मिस्त्रीने चुना टाकला तो जुन्या कंपाउंडच्या भिंतीपासून मोजून. मीही नारळ फोडून मोकळा. संध्याकाळी आर्किटेक्टने मोजणीचा दगड शोधून त्यापासून टेप धरला, तर कंपाउंडच मागच्या कोपऱ्यात नऊ इंच बाहेर सरकलेलं! दीड मीटरचं मार्जिन तिथे सव्वा मीटरवर आलं होतं. खड्डे खणले नव्हते म्हणून दोन पोती चुन्यावर निभावलं. कॉलम उभे राहिल्यावर कळलं असतं तर काय केलं असतं, माहीत नाही. तुम्ही लाइनआउटच्या आधी मोजणी करून घ्या.

दुकानाचं उत्तर रस्त्यावर आहे. निवासी झोनमध्ये रस्ता जितका रुंद, तितके वापर जास्त. ९ मीटरवर काय चालेल ते आधी विचारा आणि शटर नकाशातच दाखवा. राहत्या घराच्या नकाशावर मागाहून शटर लावलं की तो वापरातला बदल ठरतो.

आणि प्लॉटवरून किंवा बाजूने विजेची लाइन जाते का? तिचं अंतर मार्जिनपेक्षा वेगळं मोजतात, गच्ची-बाल्कनीपासूनही. २०१७ मध्ये सुगतनगरकडे हायटेन्शन लाइनने खेळती जुळी भावंडं गेली, मग उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो विषय स्वतःहून हाती घेतला. लाइन असेल तर वीज कंपनीकडून लेखी घेतल्याशिवाय वरच्या मजल्याची बाल्कनी काढू नका.