खताच्या टाकीला वास सुटला तर

सोसायटीत ओल्या कचऱ्याची खतटाकी सुरू केली आणि पंधरा दिवसांत वास सुटला म्हणून लगेच गाशा गुंडाळू नका. नव्या टाकीत ओलं जास्त पडतं, सुकं कमी. हवा खेळत नाही आणि आतलं सगळं आंबतं. ओल्याच्या बरोबरीने पालापाचोळा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घाला, दोन-तीन दिवसांनी ढवळा. मूठभर घेऊन दाबून बघा, पाणी ठिबकलं तर ओल जास्त. अळ्या दिसल्या तर वर सुक्याचा जाड थर द्या. खारघरच्या पावसात टाकीवर पत्रा हवाच.

सोसायटीच्या सभेत ‘टाकी बंद करा’ म्हणणारे भेटतीलच. (बेलापूर-पेंधर मेट्रोचं काम २०११ साली सुरू झालं, गाडी धावली २०२३ मध्ये, आपण तर टाकी मार्गी लागायला दोन-तीन महिनेच मागतोय.) सफाईच्या मावशींना मात्र पहिल्याच दिवशी विश्वासात घ्या, कचरा त्यांच्याच हातून जातो.