वाचक विचारतात: शेजारच्या बाकावर पिस्तूल

मागच्या अंकात अमेरिकेला एमएस करायला जाणाऱ्यांच्या सामानाबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की टेक्सासच्या सरकारी युनिव्हर्सिटीत कमरेला पिस्तूल लावून वर्गात बसणं कायदेशीर आहे. झालं, कुकर न्यावा की नको हा प्रश्न राहिला बाजूला आणि सगळी पत्रं पिस्तुलावर. त्यातली चार घेतेय, बाकीच्यांनी यातच आपलं उत्तर शोधावं.

ताई, तुम्ही लिहिलंत ते वाचून रात्रभर झोप लागली नाही. मुलगा ऑगस्टमध्ये टेक्सासला चाललाय. खरंच मुलं वर्गात बंदूक घेऊन बसतात का? कॉलेजवाले काही बोलत नाहीत? – एक आई, सांगली

ताई, घाबरवायचा हेतू नव्हता, पण खोटं तरी कसं सांगू. हो, खरं आहे. 2015 मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने कायदा केला, गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी सही केली आणि 1 ऑगस्ट 2016 पासून सरकारी युनिव्हर्सिट्यांत तो लागू झाला, कम्युनिटी कॉलेजांना एक वर्षाने. तिकडे याला कॅम्पस कॅरी म्हणतात. अट अशी की पिस्तूल झाकलेलं पाहिजे, कुणाला दिसता कामा नये आणि लायसन्स पाहिजे. टेक्सासमध्ये 2021 पासून रस्त्यावर फिरताना लायसन्सचीही गरज उरली नाही, पण कॅम्पसवर अजून आहे. आता ते लायसन्स म्हणजे काय विचाराल तर काही तासांचा क्लास, लेखी परीक्षा, पोलिसांकडून तुमच्या पार्श्वभूमीची तपासणी आणि 50 गोळ्या झाडून दाखवायच्या, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून, 250 पैकी 175 मार्क पडले की पास. कागदी टार्गेटवर, समोरून कुणी उलट गोळी मारत नसताना.

"कॉलेजवाले बोलत नाहीत का" याचं उत्तर म्हणजे, खाजगी कॉलेजांना नाही म्हणायची मुभा होती आणि राइस, बेलर, एसएमयू यांच्यासारख्या मोठ्या नावांनी सरळ नाही म्हटलं. सरकारी कॉलेजांना तो पर्याय नव्हता, फक्त काही जागा वगळायची परवानगी होती, म्हणजे काही लॅब, काही हॉस्टेलं वगैरे. तेव्हा आधी मुलाची युनिव्हर्सिटी सरकारी की खाजगी ते बघा, मग तिच्या वेबसाइटवर कॅम्पस कॅरीचे नियम असतात ते त्याला वाचायला सांगा.

आणि एक सांगते. मी ऑस्टिनला सहा वर्षं राहिले, युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत कितीतरी संध्याकाळी काढल्या, एकदाही कुणाची बंदूक पाहिली नाही. अर्थात न दिसणं हाच नियम, त्यामुळे माझं न पाहणं हा पुरावा नाही, पण कुणी जरा शर्ट खाली ओढला की माझी नजर तिकडे जायची ही सवय मात्र परत आल्यावर पुण्यात सुटायला वर्ष लागलं.

ताई, मी डॅलसजवळ शिकतोय, एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसा. माझा अमेरिकन रूममेट म्हणतो की टेक्सासमध्ये राहतोस आणि सेल्फ डिफेन्सला काही नाही? वीकेंडला शूटिंग रेंजवर चल, मग एक स्वस्तातलं घेऊन टाक. जाऊ का? मित्र जाऊन आलेत, फोटोही टाकलेत. – आ.

नको. एका शब्दात नको. आता कारण ऐक, कारण हे तुला तो रूममेट सांगणार नाही, त्याला माहीतच नसणार, त्याच्यासाठी तो नियमच नाही.

टेक्सासचा कायदा काहीही म्हणो, त्याच्या वर फेडरल म्हणजे केंद्राचा कायदा आहे आणि तो म्हणतो की नॉनइमिग्रंट म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायची नाहीत. तुझा एफ-वन त्यात आला, पुढे नोकरीचा एच-वन झाला तरी त्यात. बाळगायची नाही म्हणजे फक्त विकत घ्यायची नाही असं नाही हं, रेंजवर अर्धा तास भाड्याने हातात धरली तरी ते बाळगणंच. शिक्षा 15 वर्षांपर्यंत जाऊ शकते, आणि तुरुंग टळला तरी बंदुकीचा गुन्हा हे देशाबाहेर काढायचं स्वतंत्र कारण आहे. एक पळवाट आहे, शिकारीचं वैध लायसन्स असेल तर सूट मिळते, आणि आपल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही पळवाट "अरे पन्नास डॉलरचं काम आहे" म्हणून फिरते. आईबापाने कर्ज काढून पाठवलंय तुला, ते असल्या फॉरवर्डवर लावू नकोस. तरी जायचंच असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचार, मित्राला नाही. आणि ज्यांनी फोटो टाकलेत त्यांना म्हणावं काढा ते आधी.

दुसरी गोष्ट, आणि मला विचारशील तर हीच जास्त महत्त्वाची. कॅम्पसचे नियम कॅम्पसवर. तू राहतोस बाहेर, अपार्टमेंटमध्ये, जिथे रूममेटला त्याची बंदूक ठेवायचा पूर्ण हक्क आहे. ती कुठे ठेवतो विचार. दोघांच्या कॉमन कपाटात, हॉलमधल्या ड्रॉवरमध्ये असेल तर उद्या काही झालं की "तुझाही हात पोचत होता" असा मुद्दा निघू शकतो. त्याला स्पष्ट सांग की ती त्याच्याच खोलीत, कुलपात, किल्ली त्याच्याकडे, आणि तुला दाखवायचीही नाही. त्याला राग येणार नाही, तिकडे बंदूकवाली माणसं या बाबतीत बरीच शिस्तीची असतात.

ताई, तुमचा कॉलम नेहमी आवडतो पण मागच्या अंकातलं वाक्य वाचून वाटलं की तुम्ही भारतातल्या नजरेने बघताय. मी 22 वर्षं ह्यूस्टनमध्ये, आता सिटिझन, लायसन्सही आहे. व्हर्जिनिया टेक युनिव्हर्सिटीत बंदुकीला बंदी होती, तरी तिथल्या गोळीबारात 32 लोक मेले. बंदी फक्त सज्जनांना लागते, खुन्याला नाही. एका जरी विद्यार्थ्याकडे पिस्तूल असतं तर? – वि. कु., ह्यूस्टन

दादा, पत्र रागाचं असूनही सभ्य आहे, म्हणून नीट उत्तर देते, थोडं लांबेल.

तुमचा मुद्दा हवेतला नाहीये. 16 एप्रिल 2007 ला व्हर्जिनिया टेकमध्ये जे झालं त्यात आपल्या मुंबईची आर्किटेक्चर शिकणारी एक मुलगी गेली आणि तमिळनाडूतून गेलेले सिव्हिलचे प्राध्यापक लोगनाथन गेले. कॅम्पस कॅरीची चळवळ खरी उभी राहिली ती त्यानंतर, विद्यार्थ्यांनीच उभी केली. आणि तुमच्या बाजूचं उदाहरणही मीच देते, 2022 मध्ये इंडियानातल्या ग्रीनवुडच्या मॉलमध्ये 22 वर्षांच्या एका पोराने स्वतःच्या पिस्तुलाने हल्लेखोराला काही सेकंदांत पाडलं, मॉलमध्ये शस्त्रबंदी असूनही. तेव्हा असं कधी होतच नाही म्हणणारे खोटं बोलतात. आणखी एक कबुली, 2016 मध्ये विरोधक म्हणत होते की आता वर्गावर्गात गोळ्या चालतील, तसं टेक्सासमध्ये झालं नाही.

पण "एका जरी विद्यार्थ्याकडे असतं तर" हे जे तुम्ही म्हणता ना, ते ज्या ज्या ठिकाणी खरोखर होतं तिथे काय झालं ते बघू की. 2015 मध्ये ओरेगनच्या अंप्क्वा कम्युनिटी कॉलेजमध्ये 9 जण मारले गेले, तेव्हा कॅम्पसवर एक विद्यार्थी होता, माजी सैनिक, जवळ पिस्तूल. तो गेला नाही. भित्रा म्हणून नाही, त्याने नंतर सांगितलं की पोलिसांची टीम येईल आणि हातात बंदूक बघून मलाच हल्लेखोर समजेल. त्याची भीती किती खरी होती ते 2021 मध्ये कोलोरॅडोच्या अर्वाडात दिसलं, एका माणसाने हल्लेखोराला मारलं, लोकांना वाचवलं, आणि मग आलेल्या पोलिसाने त्यालाच गोळी घातली. तो मेला. आणि पोलिसांचं म्हणाल तर 2012 मध्ये न्यूयॉर्कला एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका खुन्यावर 16 गोळ्या झाडल्या, खुनी मेला पण रस्त्यावरचे 9 जण जखमी झाले, सगळे पोलिसांच्याच गोळ्यांनी आणि तुकड्यांनी. ती रोज पगार घेऊन सराव करणारी माणसं. आणि आपण अपेक्षा करतोय 21 वर्षांच्या पोराकडून, दोनशे जणांच्या लेक्चर हॉलमध्ये, सगळे किंचाळत पळत असताना.

ऑस्टिनचीच गोष्ट घ्या. 1 ऑगस्ट 1966 ला युनिव्हर्सिटीच्या टॉवरवर चढून चार्ल्स व्हिटमनने तासदीड तास गोळ्या झाडल्या. आणि कायदा लागू झाला तो बरोबर 50 वर्षांनी, त्याच तारखेला, कुणी मुद्दाम केलं नसेल पण अंगावर काटा येतो. त्या दिवशी लोकांनी घरून, गाडीतून हरणं मारायच्या रायफली आणून खालून टॉवरवर गोळ्या मारल्या. तुमच्या बाजूचे सांगतात, त्यामुळे व्हिटमनला कठड्याआड लपावं लागलं, आणि ते खरं आहे. दुसरी बाजू सांगते, वर चढलेल्या पोलिसांना खालून येणाऱ्या त्याच गोळ्यांपासून वाचावं लागलं, तेही खरं आहे. एकाच दुपारी दोन्ही. पण त्या रायफली होत्या हो, कमरेचं पिस्तूल टॉवरपर्यंत काय करणार? गेल्या वर्षी, 10 सप्टेंबर 2025 ला, उजव्या विचारांचे कार्यकर्ते चार्ली कर्क यांना युटा व्हॅली युनिव्हर्सिटीत छतावरून रायफलीने मारलं. युटा हे असं राज्य जिथे 2004 पासून कॅम्पसवर बंदूक चालते. गर्दीत किती जणांकडे लायसन्सवालं पिस्तूल असेल, उपयोग शून्य.

मला खरं वेगळंच खटकतं. हा सगळा वाद वर्षानुवर्षं "हल्लेखोर आला तर" यावर चालतो, आणि बंदूक तर रोज सकाळी बॅगेत जाते, रात्री उशाला येते. आयडाहोत 2014 च्या जुलैमध्ये कायदा लागू झाला आणि सप्टेंबरमध्ये एका प्राध्यापकाच्या खिशातलं पिस्तूल केमिस्ट्रीच्या वर्गातच उडालं, गोळी स्वतःच्याच पायात. टेक्सासमध्ये लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते, टार्लटन स्टेटच्या हॉस्टेलमध्ये एकाच्या हातून सुटली, नशीब कुणाला लागली नाही. यावर लोक हसतात. पण 2022 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 48 हजारांवर माणसं गेली आणि त्यातल्या 27 हजारांवर आत्महत्या होत्या, यावर कुणी वाद घालत नाही. विशीतलं पोर, घरापासून लांब, सेमिस्टरचा ताण, ब्रेकअप, मध्यरात्र. औषधाच्या गोळ्या खाल्लेलं पोर बऱ्याचदा वाचतं, बंदूक वापरलेल्या दहातली आठ-नऊ वाचत नाहीत. माझी भीती ही आहे दादा, छतावरच्या माणसाची नाही.

आणि मी भारतातल्या नजरेने बघतेय म्हणता, तर टेक्सासच्या युनिव्हर्सिटी सिस्टिमचे तेव्हाचे चान्सलर ॲडमिरल विल्यम मॅकरेव्हन, ज्यांच्या हुकमतीखाली ओसामा बिन लादेनवरची कारवाई झाली ते, स्वतः बंदूकप्रेमी, त्यांनीही या कायद्याला लेखी विरोध केला होता. त्यांना तर भारतातून आलेत म्हणता येणार नाही ना. तुमचं लायसन्स तुम्हाला लखलाभ, तुम्ही जबाबदार आहात यात मला शंका नाही, फक्त कॅम्पसवर तुमच्यासारखे पन्नाशीतले नसतात.

मी टीचिंग असिस्टंट आहे, टेक्सासमध्येच. कमी मार्क पडलेले विद्यार्थी ऑफिसात येऊन वाद घालतात. पूर्वी वाटायचं नाही, आता टेबलाखाली काय आहे असं मनात येतं. मी वेडी आहे का? – क.

अजिबात नाही गं. 2016 मध्ये ह्यूस्टन युनिव्हर्सिटीत प्राध्यापकांना दाखवलेल्या एका स्लाइडवर चक्क लिहिलं होतं की नाजूक विषयांवर बोलताना जपा, काही विषय अभ्यासक्रमातून काढायचा विचार करा. ऑस्टिनच्या आर्किटेक्चरचे डीन फ्रिट्झ स्टाइनर पेनसिल्व्हेनियाला निघून गेले, या कायद्याचं कारण सांगून. तीन प्राध्यापिका कोर्टात गेल्या की याने आमच्या बोलण्याच्या स्वातंत्र्यावर दडपण येतं, 2018 मध्ये अपील कोर्टाने फेटाळलं, म्हणे भीती तुमच्या मनातली आहे, आणि ती भीती खरी ठरवायला आम्ही आधी कुणीतरी गोळी खाण्याची वाट बघायची का हा प्रश्न तसाच राहिला. विद्यार्थ्यांनी ऑस्टिनला 2016 च्या ऑगस्टमध्ये जी निदर्शनं केली ती तर या मासिकात नीट सांगताही येणार नाहीत, एवढंच सांगते की बॅगांना प्रौढांची खेळणी लटकवली होती, मुद्दा असा की वर्गात ही दाखवली तर अश्लील आणि बंदूक मात्र चालते.

तुझ्या कामाचं एवढंच: ऑस्टिनला तरी ज्याला एकट्याचं ऑफिस आहे तो तिथे बंदूक नको असं तोंडी सांगू शकतो, तुझ्या युनिव्हर्सिटीत काय आहे ते बघ. तुझं शेअर्ड ऑफिस असणार, तेव्हा मार्कांचं बोलणं लायब्ररीत किंवा कॉरिडॉरमध्ये, माणसं असतील तिथे कर. आणि कुणी आवाज चढवला तर "प्रोफेसरांना ईमेल कर" म्हणून उठ. एवढ्याने बरंच सुटतं, मी स्वतः करून पाहिलंय.

सांगलीच्या ताईंना जाता जाता: मिरचीचा स्प्रे बॅगेत घालून पाठवते असं तुम्ही तळटीपेत लिहिलंय. केबिन बॅगेत तो एअरपोर्टवरच काढून घेतील. टेक्सासमध्ये छोटा स्प्रे दुकानात मिळतो, तिकडेच घेऊ दे, कॅम्पसवर चालतो का ते विचारून. ऑस्टिनसारख्या ठिकाणी रात्री लायब्ररीतून घरापर्यंत सोडायला विद्यार्थ्यांचीच सोय असते, त्याच्या कॉलेजातही काहीतरी असेल, पहिल्याच दिवशी विचारायला लावा. कॅम्पस पोलिसांचा नंबर त्याच्या फोनमध्ये टाका. कुकर पाठवा, तीन लिटरचा, शिट्टी वेगळी काढून.